दोरी ओढण्यापूर्वी

सुटकेसएवढे, एका हाताने उचलता येणारे इन्व्हर्टर जनरेटर आता शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत. डॉक्टरांचा दवाखाना, झेरॉक्सचे दुकान, लग्नाचा मांडव, सगळीकडे ते असतात. आम्हा कवी मंडळींना तर या यंत्राविषयी विशेष ममत्व आहे. पूर्वी गावोगावच्या कविसंमेलनात मंडपामागे भडभडणारा जनरेटर असायचा आणि हळुवार ओळसुद्धा ओरडून म्हणावी लागायची. हे नवे यंत्र त्या मानाने पुष्कळच शांत. पण त्याची एक खोड आहे. वर्षातले अकरा महिने ते जिन्याखाली मुकाट बसते आणि ज्या रात्री गरज पडते नेमके त्याच रात्री रुसते. पंचवीस वेळा दोरी ओढली तरी हूं नाही की चूं नाही. असे का होते आणि मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी घरच्या घरी काय पाहता येते, ते आज सांगतो.

आधी या यंत्राची रचना समजून घेऊ. यात दोन भाग आहेत. एक साधे, एका सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे इंजिन, मोटारसायकलला असते तसेच पण लहान. दुसरा भाग इलेक्ट्रॉनिक. जुन्या जनरेटरला ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या ठरलेल्या वेगाने फिरावेच लागे, मग एक दिवा लावा की दहा. नव्या यंत्रात इंजिनातून निघालेली वीज आधी डीसी केली जाते आणि मग इन्व्हर्टरचे कार्ड तिला पुन्हा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची एसी बनवते. त्यामुळे भार कमी असला की इंजिन हळू फिरले तरी चालते. आवाज कमी आणि पेट्रोलही कमी लागते ते यामुळे.

म्हणजे इन्व्हर्टरचे काम इंजिन फिरल्यानंतरचे आहे. इंजिनच सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा कार्डाचा काही दोष नसतो. हे मुद्दाम सांगतो, कारण 'इन्व्हर्टर' हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक घाबरते आणि एखादा मिस्त्री झाकण न उघडताच 'कार्ड गेलंय' म्हणून मोकळा होतो. कार्डाची किंमत ऐकून माणूस मटकन खाली बसतो. दोरी ओढून इंजिन पेटतच नसेल तर त्या मिस्त्रीला शांतपणे एकच विचारावे, 'प्लग काढून पाहिलात का?'

इंजिनाला पेटायला हवे तरी काय? पेट्रोल, हवा, ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. बस. यातले काय कमी पडते आहे ते शोधायचे, आणि तेही सोप्याकडून अवघडाकडे.

प्रथम जोडलेली सगळी उपकरणे काढून टाकावीत. इंजिनाचे बटण आणि पेट्रोलचा कॉक चालू आहे ना ते पाहावे. काही यंत्रांत दोन्ही एकाच मुठीवर असतात. इंजिन थंड असेल तर चोक ओढलेला हवा, तापलेले असेल तर नको. इको असे लिहिलेले बटण सुरू करताना बंद ठेवावे. टाकीच्या झाकणावर एक छोटी खिटी असते, तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती हवा आत येण्याची वाट. नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून ती बंद करतात आणि नंतर उघडायचे राहते. मग टाकीतून पेट्रोल उतरत नाही, किंवा यंत्र सुरू होऊन थोड्या वेळाने गुदमरल्यासारखे बंद पडते. झाकण सैल करताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला तर दुखणे सापडले म्हणून समजा.

यानंतर ऑइल. या लहान इंजिनात ऑइल बहुधा अर्धा लिटरच्या आसपासच मावते आणि ते कमी झाले की आतला सेन्सर ठिणगीच बंद करतो. इंजिन जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण ठाऊक नसेल तर माणूस रात्रभर दोरी ओढत बसेल. बऱ्याच यंत्रांवर अशा वेळी दोरी ओढली की लाल दिवा लुकलुकतो. कोकणातल्या उतरत्या अंगणात यंत्र तिरके ठेवले तर ऑइल पुरेसे असूनही सेन्सर फसतो. म्हणून सपाट जागा, मगच ऑइलची पातळी आणि मगच दोरी.

एवढ्यानेही काम झाले नाही तर प्लग काढावा. आठदहा वेळा दोरी ओढून झाल्यावर काढलेला प्लग पुष्कळ काही सांगतो. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे. ठिणगी तरी नाही किंवा चोक लावून जास्त ओढल्याने इंजिन 'ओव्हर' झाले आहे. काळा, काजळी धरलेला असेल तर एअर फिल्टरकडे पाहावे. मोटारीच्या डिकीत आडवा टाकून आणलेल्या जनरेटरचा फोम हमखास ऑइलने भिजलेला सापडतो. ओव्हर झालेल्या इंजिनाचा उपाय सोपा आहे. बटण आणि कॉक बंद, चोक उघडा, प्लग बाहेर; अशा स्थितीत पाचसहा वेळा दोरी ओढायची म्हणजे आतले जादा पेट्रोल उडून जाते. त्या वेळी प्लगची टोपी भोकापासून दूर ठेवावी आणि जवळपास विडीकाडी नसावी, हे सांगायला नकोच. प्लग पुसून, वाळवून परत बसवावा. पुष्कळदा एवढ्यावर यंत्र पेट घेते.

ठिणगी पाहण्याची आपल्याकडची रीत मात्र मला पसंत नाही. प्लग काढायचा, इंजिनाला टेकवायचा आणि दोरी ओढायची. शेजारीच उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. त्यापेक्षा जुना प्लग जागेवरच राहू द्यावा, भोक बंद राहते. टोपी एका दुसऱ्या, चांगल्या प्लगला लावावी, त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावेत, रबरी मुठीच्या पकडीत धरावा आणि दोरी ओढावी. निळी, कडक ठिणगी दिसली तर ठीक. नाही दिसली तर ऑइल डोळ्यांनी पुन्हा पाहावे. ऑइल भरलेले असूनही ठिणगी नसेल तर सेन्सरची वायर परीक्षेपुरती सोडवून पाहता येते; ठिणगी आली तर सेन्सर खराब. पण वायर सोडलेल्या स्थितीत यंत्र चालवू नये. तरीही ठिणगी नसेल तर मग कॉइल किंवा बटणाची वायर, आणि ते काम जाणकाराचे.

आता खरे दुखणे. न चालणाऱ्या जनरेटरांपैकी बहुतेकांचा रोग कार्बोरेटरमध्ये असतो आणि त्याचे मूळ टाकीतल्या शिळ्या पेट्रोलमध्ये. पेट्रोल तांदळासारखे साठवून ठेवता येत नाही. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, वार्निशसारखा थर उरतो. कार्बोरेटरच्या जेटचे भोक केसासारखे बारीक. त्यात हा थर बसला की संपले. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३मध्ये पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, २०२२मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५मध्ये वीसवर. उसाला, मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, ते चांगलेच झाले. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात, किनाऱ्यावरच्या दमट हवेत, अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने पडून राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते. इंजिन पेट्रोल ओढते ते तळाकडूनच. यंत्राच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालेल ते दिलेले असते. जुन्या यंत्रांना बहुधा दहाची मर्यादा आहे. ते वाचून ठेवावे.

तपासायचे कसे? कार्बोरेटरच्या तळाशी एक स्क्रू असतो. खाली काचेची पांढरी बाटली धरून तो सैल करावा. काहीच आले नाही तर अडथळा वर आहे, म्हणजे कॉक, गाळणी, नळी किंवा ती झाकणावरची खिटी. पेट्रोल आले तर बाटली थोडा वेळ स्थिर ठेवून उजेडात पाहावी. दोन थर दिसले, तळाशी गढूळ काही बसले, किंवा रंग चहासारखा झाला असेल आणि आंबूस वास येत असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल घालावे. आणखी एक परीक्षा आहे. प्लग काढून पाव चमचा ताजे पेट्रोल सिलिंडरमध्ये सोडावे, सांडलेले पुसावे, प्लग घट्ट बसवून दोरी ओढावी. यंत्र दोनतीन सेकंद भुरभुरून बंद पडले तर आनंद मानावा. ठिणगी आणि दाब ठीक आहेत, फक्त पेट्रोलची वाट बुजली आहे.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ कोकणच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा करोनाची दुसरी लाट चालू होती. आमच्या परिचयातल्या एका घरी वडील नुकतेच इस्पितळातून आले होते आणि ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. वीज गेली. घरात जनरेटर होता, मुलाने निसर्ग वादळानंतर, म्हणजे २०२०मध्ये हौसेने घेतलेला. तो सुरू होईना. हाताशी असलेला छोटा सिलिंडर फार तर दोन तास पुरेल, असा हिशेब. शेजारचा एक पोरगा स्कूटर दुरुस्तीच्या गॅरेजात हाताखाली काम करायचा, त्याला हाक मारली. त्याने दोरीला हातच लावला नाही. म्हणाला, 'चाचा, यात पेट्रोल कधी भरलंत?' कोणालाच आठवेना. त्याने खालचा स्क्रू सोडला. निघाले ते पेट्रोल नव्हतेच, काढा म्हणावा असे काहीतरी होते. मग त्याने कार्बोरेटरची वाटी उघडली, जेट काढला, उजेडाकडे धरला. आरपार काही दिसत नव्हते. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घेऊन त्याने भोक मोकळे केले, फुंकर मारली, आपल्या स्कूटरमधले पेट्रोल काढून टाकीत घातले. चौथ्या ओढीला यंत्र लागले. सगळे मिळून अर्धा तास गेला असेल. ऑक्सिजनचे यंत्र साधारण ३५० वॅट घेते, एक हजार वॅटच्या जनरेटरला ते जड नाही. त्या रात्री घरातला पंखाही कोणी त्यावर लावला नाही.

त्या पोराने सुई वापरली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे. जेट पितळी असतो, सुईने भोक मोठे होते आणि मग इंजिन कायमचे पेट्रोल जास्त पिऊ लागते. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मिळाला तर उत्तमच. यंत्र चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते, अशी तक्रार असेल तर जेट अर्धवट बुजला आहे, हे पक्के.

बाकीची कारणे थोडक्यात. दोरी अगदी हलकी येत असेल, हाताला दाब लागतच नसेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचे काम आहे. दोरी मुळीच हलत नसेल तर जोर लावू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा ऑइल साचले असेल, प्लग काढून मगच हळू ओढावी. सायलेन्सरच्या तोंडातही डोकवावे. कुंभारीण माशीला मातीचे घर करायला अशी भोके फार आवडतात, आणि फिल्टरच्या डब्यात उंदराने कापडाच्या चिंध्या नेऊन ठेवलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. इंजिन चालू आहे पण वीज येत नाही, लाल दिवा लागला आहे, तर भार जास्त झाला. सगळे काढून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. तरीही वीज आली नाही तर मात्र कार्डाचा संशय घ्यायला हरकत नाही.

यंत्र एकदा सुरू झाले की घाई होते, आणि जीव जातो तो तेव्हा. बाहेर पाऊस म्हणून जनरेटर पडवीत, गॅलरीत, जिन्याखाली चालवतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. यंत्र घरापासून निदान २० फूट दूर, वर आडोसा करून, धुराचे तोंड घराकडे नसेल असे ठेवावे. पेट्रोल भरायचे ते बंद करून, थंड झाल्यावर. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात सोडण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये. ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये चढून ११,००० व्होल्टची होऊ शकते, आणि खांबावर तुमच्याच गावची लाइन जोडणारा वायरमन असतो. घराला जोडायचेच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

काम संपल्यावर जनरेटर ठेवून देताना टाकी रिकामी करावी, उरलेल्या पेट्रोलवर यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून शेवटचे थेंबही काढावेत. मधूनमधून लागणार असेल तर महिन्यातून एकदा ताज्या पेट्रोलवर, दिवा-पंखा जोडून, पंधरा मिनिटे चालवावे. एक नवा प्लग आणि त्याचा पाना पिशवीत घालून यंत्राच्या मुठीलाच बांधून ठेवावा. काळोखात पाना शोधण्यातच अर्धी रात्र जाते.