मिनिटं मोजण्याआधी आभाळ बघा

२ ऑगस्टला सगळी पृथ्वी सहा मिनिटं अंधारात बुडणार, असा निरोप २०२५ च्या जुलैत मोबाइलवर फिरत होता. तो दिवस उजाडला आणि नेहमीसारखा मावळला. २ ऑगस्टचं सूर्यग्रहण खरंच आहे, पण २०२७ सालचं. अंधारही साऱ्या पृथ्वीवर नव्हे, जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पडेल. हा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा सोमालियापर्यंत जातो.

इजिप्तमध्ये लक्झरजवळ खग्रास स्थिती तब्बल ६ मिनिटं २३ सेकंद टिकेल. त्या दिवशी चंद्र पृथ्वीजवळ असेल, म्हणून मोठा. सूर्य दूर असेल, म्हणून किंचित लहान. शिवाय भर दुपारी तिथली जमीन चंद्राच्या सावलीच्याच दिशेनं धावत असते, त्यामुळे सावलीला तिला ओलांडायला वेळ लागतो.

महाराष्ट्रात हेच ग्रहण दुपारनंतर खंडग्रास आहे. ऑगस्टच्या ढगांमुळे ते बहुधा पंचांगातच दिसेल! २२ जुलै २००९ ला बिहारमधल्या तारेगणात खग्रास बघायला जत्रा लोटली होती, पण ढगांनी सूर्य दाखवलाच नाही. लक्झरला ऑगस्टात ढग औषधालाही सापडत नाही. तिथल्या सहा मिनिटांना किंमत आहे ती त्यामुळे.

महाराष्ट्राच्या वाट्याला असं आभाळ आलं होतं २२ जानेवारी १८९८ ला. खग्रास दोनच मिनिटांचं, पण ऐन हिवाळ्यातलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरनं विजयदुर्गावर तळ ठोकला, मदतीला ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी. (हीलियमचा शोध त्यानं १८६८ मध्ये याच किल्ल्यावरून लावला, असं आपल्याकडे हौसेनं सांगतात. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी स्वारी इंग्लंडमध्ये होती!) अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उतरला.

जेऊरलाच पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला वर्णपट टिपायला सज्ज होते. सूर्याची शेवटची कोर लपते त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एकदम उजळतात आणि दोन-तीन सेकंदांत विझतात. कॅमेऱ्याची झडप तेवढ्यात उघडली तर उघडली, नाहीतर पुढचं ग्रहण गाठायचं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभारली; तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागलं आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. विजयदुर्गावर हीलियम शोधायला जाणाऱ्यांनी एकदा जेऊरलाही उतरावं. तिथे आपला माणूस होता आणि त्याची गोष्ट खरी आहे.