चर्चेचे व्यसन आणि चळवळीचा वेळ

दारूच्या व्यसनाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. जलसेकारांनी, गायकांनी, वस्तीवस्तीतल्या महिला मंडळांनी तो विषय घरोघर नेला. त्यामुळे दारू पिणारा माणूस आपल्याला ओळखू येतो आणि तो स्वतःही स्वतःला ओळखतो. आपण करतो ते वाईट आहे, हे त्याला शुद्धीवर असताना तरी मान्य असते. आज मला ज्या व्यसनाविषयी लिहायचे आहे त्याची गोष्ट वेगळी आहे. ते आपल्या सुशिक्षित तरुणाच्या हातात चळवळीचे नाव घेऊन आले आहे. ते मोबाईलवरच्या चर्चेचे व्यसन आहे.

चर्चा म्हणजे मला काय अभिप्रेत आहे ते आधी स्पष्ट करतो. मोबाईलवर सिनेमे पाहणे किंवा खेळ खेळणे हा आजचा विषय नाही. फेसबुकवर कोणी आरक्षणाविरुद्ध लिहिले की त्याखाली शे-दीडशे उत्तरांचा वाद रंगतो; व्हॉट्सअॅपच्या गटात 'दलित' म्हणावे की 'बौद्ध' यावर मध्यरात्र उलटून जाते; रिपब्लिकन पक्षाचा कोणता गट खरा, यावर दोन जिवलग मित्र एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. या वादांत जो रोज उतरतो आणि बाहेर पडावे असे ठरवूनही ज्याला पडता येत नाही, त्याच्याविषयी मी बोलतो आहे.

या माध्यमावर सरसकट दगड मारणाऱ्यांपैकी मी नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. ज्यांना हजारो वर्षे बोलू दिले नाही त्यांना 'बोलणे कमी करा' असा उपदेश कोणी सहज करू नये. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या पत्राला बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे नाव का दिले, याचा विचार केला म्हणजे बोलण्याचे मोल कळते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना त्या घटनेतील जात दिसायला फार वेळ लागला. कार्यकर्त्यांनी केलेली पाहणी आणि इंटरनेटवरून फिरलेली पत्रे यांनी ती बातमी दूरवर नेली. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे अखेरचे पत्र देशभर वाचले गेले तेही याच मार्गाने. त्याच वर्षी जुलैमध्ये उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. मारणाऱ्यांनीच दहशत बसावी म्हणून पसरवलेली चित्रफीत त्यांच्यावर उलटली. लोकांनी मेलेली जनावरे उचलायचे नाकारले आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उनापर्यंत मोर्चा गेला. हे माध्यम आपले शस्त्र होऊ शकते, याविषयी म्हणूनच शंका नाही.

मग बिघडते कोठे? त्यासाठी या माध्यमाचे यंत्र कसे चालते ते पाहिले पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला, तर कबूतर पोट भरल्यावर थांबते. पण दाणा कधी दुसऱ्या टोचीला, कधी विसाव्या, कधी पन्नासाव्या टोचीला मिळू लागला की ते वेड्यासारखे टोचत राहते. अनिश्चित बक्षीस प्राण्याला सर्वांत घट्ट बांधते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते आणि मोबाईलवरचा वादही त्यावरच चालतो. आपण लिहिलेल्या उत्तराला कधी कोणी विचारत नाही, कधी एकदम दोनशे लोक आवडल्याची खूण करतात, कधी एखादा मान्यवर दाद देतो. पुढच्या वेळी काय मिळेल ते ठाऊक नसते, म्हणून हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातो.

दुसरी गोष्ट पैशाची आहे. या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर चालते. माणूस जितका वेळ पडद्यासमोर थांबेल तितका त्यांचा फायदा. फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये उघड झाली, त्यांतून एक लक्षणीय गोष्ट कळली. २०१७ पासून काही काळ 'संताप' दाखवणाऱ्या खुणेला आणि तिच्यासारख्या इतर भावखुणांना साध्या 'लाईक'च्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे ज्या मजकुराने माणूस भडकेल तो मजकूर यंत्र अधिक लोकांपुढे नेत होते. पुढे २०२० मध्ये संतापाच्या खुणेचे वजन शून्यावर आणले गेले. वजने बदलतात, धंदा तोच राहतो. आपला संताप खरा असतो, पण त्या बाजारात तो कच्चा माल असतो. गावच्या सावकाराला आपण ओळखायला शिकलो. या नव्या सावकाराकडे आपण वेळ गहाण टाकतो आहोत, हे ओळखायचे अजून बाकी आहे.

हे यंत्र सगळ्यांनाच ओढते. आपल्या तरुणाला ते अधिक का ओढते, याचे कारण मात्र जातिव्यवस्थेत आहे. वर्गात आडनाव विचारले गेल्यावर तो गप्प बसलेला असतो. कार्यालयात 'तुमचे काय बुवा, कोट्यातून' असे हसत हसत म्हटले गेले तेव्हा त्याने ते गिळलेले असते. रात्री मोबाईलवर तोच माणूस, किंवा त्याच्यासारखा दुसरा कोणी, त्याच्या समोर येतो. तेथे त्याला उलट बोलता येते. तेथे त्याच्यापाशी पुरावे असतात, बाबासाहेबांचे खंड असतात. दिवसभराच्या अपमानाचा हिशेब रात्री चुकता होतो, निदान तसे वाटते.

मी ज्या अभ्यासिकेशी संबंधित आहे तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले बसतात. त्यांतील एकाचे आईवडील ऊसतोडीला जातात. तो रात्री अडीच वाजेपर्यंत एका अनोळखी माणसाशी आरक्षणावर भांडत होता, असे त्याच्या मित्रांनी सांगितले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, उत्तर दिलं नसतं तर आपण हरलो असं झालं असतं." या वाक्यात व्यसनाचे मूळ आहे. 'मी हरलो' असे तो म्हणाला नाही, 'आपण हरलो' असे म्हणाला. साऱ्या समाजाची लाज त्याने एका उत्तरावर टांगली होती. ज्याला असे वाटते तो मोबाईल खाली कसा ठेवील? दारुड्याची बाजू घेणारा विवेक नसतो. येथे विवेकच व्यसनाचा वकील होतो.

म्हणून मुद्दा न्याय्य आहे का, या प्रश्नाने हे व्यसन ओळखता येत नाही. मुद्दा बहुधा न्याय्यच असतो. पंचशीलात मद्य वर्ज्य मानले आहे ते प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे कारण म्हणून. तीच कसोटी येथे लावावी.

वैद्यकशास्त्राने चर्चेच्या व्यसनाला स्वतंत्र आजार मानलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात डिजिटल खेळांच्या अनावर सवयीचा समावेश आहे, वादांच्या सवयीचा नाही. तरीही ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी कोणत्याही व्यसनाची जी सहा लक्षणे सांगितली आहेत, ती येथे उपयोगी पडतात. ती मी आपल्या अनुभवाच्या भाषेत मांडतो. पहिले, जेवताना, गाडीवर, विहारात वंदना चालू असतानाही मनात तोच वाद चालू असतो. दुसरे, उदास वाटले, अपमान झाला, एकटे वाटले की त्यावर उपाय म्हणून हात मोबाईलकडे जातो. तिसरे, पूर्वी एका गटात भागत असे, आता आठ गट लागतात आणि पूर्वीपेक्षा जहाल शब्द लागतात. चौथे, एक दिवस नेट बंद राहिले की चिडचिड होते. पाचवे, घरच्यांशी, अभ्यासाशी, नोकरीशी आणि प्रत्यक्ष कार्यकर्त्यांशी खटके उडतात. सहावे, गट सोडला तरी आठवड्याने माणूस परत येतो. यांतील तीन-चार लक्षणे महिनोन्महिने टिकली तर आपण सावध व्हावे.

मी यात सातवे लक्षण घालतो: वाचन संपून मत उरते. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा देणारा निकाल दिला. सहा न्यायाधीश एका बाजूला आणि एक विरोधात होते. निकाल पाचशेहून अधिक पानांचा आहे. त्याच संध्याकाळी माझ्या माहितीच्या प्रत्येक गटात महार, मांग, चांभार अशी भांडणे पेटली. एका पोटजातीने दुसरीला जे म्हणू नये ते म्हटले. विरोधी मत कोणाचे होते, हे त्या संध्याकाळी विचारणाराही मला भेटला नाही. इतक्या गंभीर प्रश्नावर वाद व्हायलाच हवा होता. पण जो झाला तो निकालावरचा नव्हता.

मग यातून बाहेर कसे पडावे? अनुभवाने उपयोगी ठरलेल्या गोष्टी सांगतो.

सात दिवस एक वही ठेवावी. किती वेळ गेला तो मोबाईलच सांगतो. त्यापुढे एवढेच लिहावे की या वेळातून सकाळी काय उरले. कोणाला मदत झाली, काही शिकलो, एखादा अर्ज लिहिला गेला, की काहीच नाही? आकडा डोळ्यांसमोर आला की उपदेशाची गरज उरत नाही.

त्यानंतर वाट अवघड करावी. सूचनांची घंटी बंद करावी. दोन गट ठेवून बाकीचे सोडावेत. उशाशी मोबाईल ठेवू नये. पहाटेच्या गजरासाठी साधे घड्याळ आणावे. इच्छाशक्तीवर विसंबू नये, कारण समोर हजारो अभियंत्यांनी घडवलेले यंत्र आहे.

उत्तर देण्याची ऊर्मी आली की दहा मिनिटे थांबावे. ज्यांनी आनापान केले आहे त्यांना हे नवे नाही: छातीत काय होते, कान कसे तापतात, ते पाहावे. वेदना उठते, काही वेळ राहते आणि ओसरते. ती ओसरते हे एकदा स्वतः पाहिले की तिची गुलामी सैल होते. रात्री लिहिलेले सकाळी पाठवावे. याला कायद्याचेही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली समाजगटांत वैर वाढवणारा मजकूर हा गुन्हा आहे. एका रात्रीच्या जहाल वाक्याने नोकरीच्या वेळची चारित्र्य पडताळणी अडू शकते.

जातिवाचक शिवीला शिवीने उत्तर देऊ नये. तिचे छायाचित्र, दिनांक, वेळ आणि दुवा जपून ठेवावा, वकिलाला दाखवावा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार होते का ते पाहावे. आपल्या स्त्रियांना तर या चर्चांत जात आणि लिंग असा दुहेरी मारा सोसावा लागतो. तेथे इतरांनी पन्नास उत्तरे लिहिण्यापेक्षा तक्रारीला सोबत जाणे अधिक मोलाचे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिकामी जागा भरावी. चर्चेने माणसाला सोबत मिळते; ती काढून घेतली आणि तिच्या जागी काही दिले नाही तर तो परत जाणारच. दर रविवारी विहारात एक प्रकरण वाचून तासभर समोरासमोर बोलणे हा त्यावरचा उतारा आहे. तेथे समोरच्याचा चेहरा दिसतो, म्हणून जीभ आवरते. सम्यक वाचेत निरर्थक बडबड टाळून कामाचे बोलावे, असे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे. तिचा सराव येथे होतो. निवडणूक, ६ डिसेंबर किंवा मोठा निकाल या दिवसांत जुनी सवय उसळते. त्या दिवसांचे काम आधीच ठरवून ठेवावे. घसरण झाली तर पुन्हा वहीपासून सुरुवात करावी. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर लाज न बाळगता डॉक्टरकडे जावे. शासनाची टेलीमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

शेवटी एक प्रश्न राहतो: चळवळीतल्या माणसाने किती बोलावे? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले. त्यात बाबासाहेबांनी टीकाकारांना सडेतोड उत्तरे दिली, वाद घातले, कोणाची भीड ठेवली नाही. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या लेखणीच्या मागे एक कृती होती आणि पुढेही एक कृती होती. आपल्या चर्चेला हेच माप लावावे. ज्या वादामागे काही केलेले आहे आणि ज्यापुढे काही करायचे आहे, तो खुशाल घालावा, कडाडून घालावा. ज्याच्या मागेपुढे काहीच नाही तो आपली रात्र खातो. आईवडिलांनी कोयता धरून मिळवलेली ती रात्र आहे, ती पुस्तकासाठी आहे, झोपेसाठी आहे आणि उद्याच्या कामासाठी आहे.