पॉलिशच्या लाकडावरील पाण्याचे डाग

पावसाळ्यात ओला तांब्या टेबलावर राहतो, कौलातून थेंब कपाटावर गळतो आणि लाखेच्या पॉलिशवर कडे उमटते. "लाकूड गेलं" म्हणून लगेच पॉलिश पेपर घासू नका. आधी डागाचा रंग पाहा.

डाग पांढरा असेल तर ओल वरच्या लाखेतच अडकलेली असते. पाणी टिपून घ्या, दोन दिवस सावलीत वारा लागू द्या. डाग राहिलाच तर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. तरीही दिसला तर वस्त्रगाळ राख तेलात कालवून मऊ फडक्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके चोळा. आधी मागच्या बाजूला करून पाहावे. राखेत पाणी घालू नये. राखेचे पाणी लाख खाते.

डाग काळा असेल तर पाणी लाकडात उतरले. तिथे तेल-राखेचा उपयोग नाही. सुताराकडून घासून नवे पॉलिश करून घ्यावे.

सुतार चपडा लाख स्पिरिटात विरघळवूनच पॉलिश करतो. म्हणून डागावर स्पिरिट लावाल तर पॉलिशच निघेल. सोडा, गरम पाणीही नको.

तांब्याखाली कोरडी चुंबळ ठेवा, म्हणजे डागच पडणार नाही.