एका लहरीतून अनेक आवाज

बासरी आणि सतार एकाच पट्टीत वाजल्या तरी डोळे मिटून आपण दोन्ही ओळखतो. स्वर तोच, मग फरक कशाचा? मूळ कंपनासोबत उमटणाऱ्या उपस्वरांचा मोठा वाटा त्यात असतो. सिंथेसायझर हेच उपस्वर विजेच्या मदतीने घडवतो.

सेकंदाला २२० कंपनांचा स्वर घ्या. साइन लहरीत तेवढेच एक कंपन असते, म्हणून ती अगदी गुळगुळीत ऐकू येते. सॉटूथ लहरीत ४४०, ६६०, ८८० अशा सगळ्या पटी असतात; ४४०चा जोर मूळ स्वराच्या निम्मा, ६६०चा एक तृतीयांश. म्हणून ती झणझणीत वाटते. चौकोनी लहरीत फक्त विषम पटी असतात, त्यामुळे आवाज पोकळ, क्लॅरिनेटकडे झुकणारा येतो.

मूर्तिकार दगडातून नको तेवढे काढून टाकतो, तसेच सिंथेसायझरमधला फिल्टर भरगच्च लहरीतले वरचे उपस्वर छाटतो. ही छाटणी जिथून सुरू होते तो बिंदू म्हणजे कटऑफ.

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२च्या ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या अल्बमात रोलँड कंपनीचा टीबी-३०३ हा सिंथेसायझर वापरला. त्यात लहर निर्माण करणारा ऑसिलेटर एकच, लहरी दोनच: सॉटूथ आणि चौकोनी. पण कटऑफ फिरवला की फिल्टर उघडतो-मिटतो, रेझोनन्स वाढवला की कटऑफजवळचे उपस्वर उसळतात. स्लाइडने एक स्वर दुसऱ्यात घसरत जातो. रागसंगीतातल्या मींडेची सवय असलेल्या कानाला ही हालचाल लगेच ओळखीची वाटते.

मोबाइलवर सिंथेसायझरचे एखादे मोफत ॲप घ्या, सॉटूथ लावा आणि फिल्टर सावकाश बंद करा. एकेक उपस्वर गळताना स्वतःच्या कानांनी ऐकाल.