खताच्या गोणीवरचा ‘के’ आणि दहावीची आवर्तसारणी

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात ज्यांची केळीची बाग आहे किंवा जे बागेत कामाला जातात, त्यांनी १०:२६:२६ ची गोणी पाहिलेलीच असते. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा, म्हणजे पोटॅशचा. यालाच एन-पी-के म्हणतात. आता दहावीतल्या मुलाने विचारलं, “अब्बा, पोटॅशियमची संज्ञा ‘के’ कशी?” तर काय सांगाल?

हा ‘के’ आला अरबीतून. झाडंझुडपं जाळून जी खारी राख उरते, तिला अरबीत ‘कली’ म्हणत. ‘अल-कली’वरून अल्कली हा शब्द झाला आणि पुढे लॅटिनमध्ये ‘कॅलियम’. त्याचं पहिलं अक्षर ‘के’. पोटॅश हे नावही राखेचंच आहे: ‘पॉट’ म्हणजे भांडं, ‘अ‍ॅश’ म्हणजे राख. या राखेच्या क्षारातून १८०७ साली हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या मदतीने पोटॅशियम धातू वेगळा काढला.

आता अणू पाहू. मधोमध अणुकेंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. बाहेरच्या कवचांत इलेक्ट्रॉन. प्रोटॉन किती, तो अणुअंक. पोटॅशियमचे प्रोटॉन १९, म्हणून इलेक्ट्रॉनही १९. त्यांची मांडणी २, ८, ८, १ अशी. शेवटच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तोही सैल धरलेला. पोटॅशियम तो चटकन देऊन टाकतं. म्हणून शुद्ध धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. गोणीत मात्र तो धातू नसतो, इलेक्ट्रॉन देऊन झालेला शांत क्षार असतो. पाण्यात विरघळलेला हाच आयन केळीची मुळं ओढून घेतात. तो कमी पडला की जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात आणि घड नीट भरत नाही.

सोडियमची मांडणी २, ८, १. लिथियमची २, १. तिघांच्याही शेवटी एक, म्हणून स्वभाव सारखा आणि आवर्तसारणीत उभा रकानाही एकच: गण १. कवचं किती, त्यावरून आडवी ओळ ठरते. पोटॅशियमची चार कवचं, म्हणून आवर्त ४. म्हणजे सारणी ही पत्त्यांची वही आहे. मांडणी कळली की घर सापडतं.

१८६९ मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हनी तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं अणुवस्तुमानाप्रमाणे लावली आणि काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं आणि त्यातली एक जागा भरली. पुढे १९१३ मध्ये मोझली यांनी दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा. आज मूलद्रव्यं ११८ आहेत.

अनेक मुलं ही सारणी पाठ करायच्या धास्तीनेच विज्ञान नको म्हणतात आणि पुढचे रस्ते तिथेच बंद होतात. अम्मी-अब्बांना एवढीच विनंती: ११८ नावं घोकून घेऊ नका. पहिल्या २० मूलद्रव्यांची मांडणी मुलांकडून कागदावर काढून घ्या आणि प्रत्येकाचा गण, आवर्त त्यांनाच शोधू द्या. सुरुवात घरातल्या मिठापासून करा, नाहीतर अंगणातल्या खताच्या गोणीपासून.