हापशाच्या पाण्यातील विष

तहानलेल्याला पाणी पाजणे याइतके निर्विवाद सत्कर्म दुसरे क्वचितच सापडेल. व्यापारी कुटुंबांनी तर ते पिढ्यान्‌पिढ्या आपले कर्तव्य मानले. बाजारपेठेच्या तोंडाशी पाणपोई, जनावरांसाठी हौद, आईवडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या कोरड्या गावात विंधन विहीर, आणि तिच्या ओट्यावर बसविलेली नावाची फरशी ही दृश्ये महाराष्ट्रात कोठेही दिसतात. अशा दानाविषयी शंका उपस्थित करणे औचित्याला सोडून वाटते. तरीही बांगलादेशात गेल्या अर्धशतकात पाण्याच्या दानाचे जे झाले, ते प्रत्येक दात्याने एकदा तरी सावकाश वाचावे असे आहे. तेथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पैसाही कोणी खाल्ला नव्हता. योजना ठरल्याप्रमाणे पार पडली होती. किंबहुना ठरल्यापेक्षा लवकर पार पडली होती.

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या गाळाने घडलेला हा प्रदेश. पाणी तेथे जिकडेतिकडे, परंतु पिण्याजोगे फारच थोडे. घराची जोती उंच करण्यासाठी माती काढायची आणि त्या खड्ड्याचे तळे व्हायचे. त्याच तळ्यात स्नान, भांडी, गुरे, मासे आणि पिण्याचे पाणीही. पटकी आणि अतिसार दरवर्षी ठरलेल्या पाहुण्यासारखे येत. १९६० च्या सुमारास या भूभागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी २४७ मुले पाच वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. चार मुलांत एक, असा हा हिशेब होता.

१९७१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाने आणि युनिसेफने या संकटावर उपाय म्हणून नलकूप मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. नलकूप म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाची, गाळाच्या जमिनीत उतरविलेली नळी आणि तिच्या डोक्यावर बिडाचा हापसा. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. बांबूची चौकट उभारून दोघे-तिघे नळी वरखाली करतात. वर बसलेला मिस्त्री तळहाताने नळीचे तोंड आळीपाळीने झाकतो व उघडतो, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर चिखलवाळू वर फेकली जाऊन नळी खाली सरकत जाते. उथळ विहीर अशा रीतीने एका दिवसातही तयार होते. पाणी मात्र स्वच्छ, गार आणि रोगजंतूंपासून पुष्कळसे मुक्त.

प्रारंभी लोक या पाण्याकडे संशयाने पाहत होते. पुढे त्यांना त्याची इतकी गोडी लागली की सरकारी विहिरींपेक्षा खासगी विहिरींची संख्याच कितीतरी अधिक झाली. हुंड्यात हापसा देण्याइतकी त्याची प्रतिष्ठा वाढली. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशातील विहिरींचा अंदाज ६० लाखांपासून १ कोटी १० लाखांपर्यंत केला जात होता. सन २००० पर्यंत ८० टक्के लोकांना सुरक्षित पाणी पुरविण्याचे उद्दिष्ट मुदतीपूर्वीच ओलांडल्याचे युनिसेफने १९९७ मध्ये नमूद केले. १९९६ पर्यंत पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर हजारी ११२ वर आला होता. त्याचे सारे श्रेय विहिरींना देता येणार नाही. लसीकरण आणि मीठ-साखर-पाण्याचे द्रावण यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण विहिरींचा वाटा नाकारणेही अन्यायाचे ठरेल. ज्यांची मुले वाचली त्यांच्या दृष्टीने ते पाणी अमृतच होते.

सीमेपलीकडे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९८३ च्या सुमारास त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे काही विलक्षण रुग्ण येऊ लागले. छातीपाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात व तळपाय जाड, खडबडीत आणि गाठाळलेले. ही आर्सेनिकच्या, म्हणजे सोमलाच्या, दीर्घकालीन विषबाधेची लक्षणे होती. प्रारंभीचे रुग्ण पश्चिम बंगालमधील होते. परंतु १९८७ पर्यंत बांगलादेशातून आलेले काही रुग्णही आढळले. जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव फिरून पाणी, केस, नखे यांचे नमुने तपासण्याचा ध्यास घेतला आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत तो सोडला नाही. १९९५ मध्ये कलकत्त्यात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हा विषय जगापुढे ठेवला. बांगलादेशातील विहिरींत आर्सेनिक असल्याचे तेथील सरकारी विभागाला १९९३ मध्येच नवाबगंज येथे दिसून आले होते. त्यानंतरही विहिरी खोदणे काही थांबले नाही.

१९९८-९९ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ३,५३४ विहिरींचे पाणी तपासले गेले. उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत लिटरला ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशी मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली तर हे प्रमाण ४६ टक्क्यांवर जाते. २००० मध्ये त्या संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या लेखात साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे या घटनेचे वर्णन झाले.

हे विष कोणी मिसळलेले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचे गंजासारखे लेप असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटून असते. जमिनीखाली सेंद्रिय द्रव्य कुजून प्राणवायू संपला की ते लेप विरघळतात व आर्सेनिक पाण्यात उतरते. तळ्याच्या उघड्या पाण्यात ते फारसे नसते. म्हणजे ज्या थरातील पाणी जंतूंपासून मुक्त म्हणून निवडले, नेमका तोच थर या विषाने भरलेला होता. ते विषही असे, की त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. शरीरावर खूण उमटायला पाचदहा वर्षे लागतात. मूत्राशय, फुप्फुसे आणि त्वचेचा कर्करोग त्याहून उशिरा येतो.

जैन घरांत पाणी गाळून घेण्याची आणि उकळून पिण्याची शिस्त शतकानुशतके चालत आली आहे, आणि जंतुजन्य रोगांच्या बाबतीत तिचा उपयोग विज्ञानानेही मान्य केला आहे. आर्सेनिकपुढे मात्र गाळणे निष्फळ आणि उकळणेही निष्फळ. उकळताना पाणी आटते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात विषाचे प्रमाण किंचित वाढतेच.

मग तपासणी का झाली नाही? व्यापारी माणसाच्या मनात हा प्रश्न प्रथम येतो, कारण पोत्यात बंबी घातल्यावाचून तो धान्य विकत घेत नाही. तपासणी मुळीच झाली नाही असे नव्हे. भीती जंतूंची होती, म्हणून लक्ष जंतूंवर होते. नदीच्या गाळात आर्सेनिक असेल ही कल्पना त्या काळी बहुतेकांना नव्हती आणि नेहमीच्या चाचण्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. एवढ्यापुरता हा दोष क्षम्य मानता येतो. पण १९८० च्या दशकात शेजारच्याच बंगालमध्ये, त्याच गाळावर, त्याच प्रकारच्या विहिरींचे पाणी पिणारी माणसे आजारी पडत असल्याचे नोंदले गेल्यावर पुढची दहा वर्षे जी गेली, ती क्षम्य मानणे कठीण आहे. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशातील काही विहिरींचे पाणी तपासले, त्यातही आर्सेनिकची चाचणी नव्हती. एका बांगलादेशी ग्रामस्थाने त्याबद्दल इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ मध्ये सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, त्याचा दावा फेटाळला गेला. त्या ग्रामस्थाप्रति संस्थेचे कायदेशीर दायित्व नव्हते, असा निर्णय झाला. कायद्याच्या वहीत खाते बंद झाले.

यानंतर चूक सुधारण्याचे काम सुरू झाले, आणि खरे तर या कहाणीचा अधिक बोधक भाग येथूनच सुरू होतो. सुमारे ५० लाख विहिरी क्षेत्र-चाचणीने तपासून त्यांचे हापसे रंगविण्यात आले: सुरक्षित तो हिरवा, विषारी तो तांबडा. सुमारे १४ लाख हापशांना तांबडा रंग लागला. उपाय सोपा, स्वस्त आणि निरक्षरालाही कळणारा होता. ढाक्याजवळच्या आराईहाजार भागात तर बहुतेक तांबड्या हापशांपासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादा हिरवा हापसा होताच. परंतु तो हापसा दुसऱ्याच्या अंगणात होता. दिवसातून चारचार वेळा परक्या अंगणात सुनेला कसे पाठवायचे, मालकाचा चेहरा बदलला तर काय करायचे, हे प्रश्न रंगाच्या डब्यात मावणारे नव्हते. पुष्कळ कुटुंबांनी पाणी बदलले; पुष्कळ कुटुंबे तांबड्या हापशाचेच पाणी पीत राहिली.

काही कुटुंबे तर मागे, तळ्याच्या पाण्याकडे वळली. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या घरांचा अभ्यास केला, तेव्हा विहीर सोडण्याचा सल्ला मानणाऱ्या घरांत बालमृत्यू वाढल्याचे आढळले. आर्सेनिक वीस वर्षांनी मारते, अतिसार आठवड्यात मारतो. एका विषापासून वाचविणारा सल्ला दुसऱ्या रोगाच्या दारात घेऊन गेला होता.

लक्षणे अंगावर उमटलेल्या माणसांची कथा आणखी वेगळी. हा रोग संसर्गजन्य नाही. तरीही त्याला महारोग किंवा शाप समजून माणसे दूर केली गेली. ठिपके दिसलेल्या मुलींची लग्ने मोडली, विवाहित स्त्रियांना माहेरी धाडले गेले. विषारी विहीर सासरची, आणि दोष सुनेचा!

गाळाच्या खोल थरांतील, दीडशे मीटरांखालील पाणी बहुतांशी निर्दोष असल्याचे लक्षात आल्यावर सरकारने खोल विहिरी खोदल्या. खोल विहीर महाग, म्हणून ती अनेक घरांत मिळून एक असावी हे ओघानेच आले. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार नव्या विहिरींपैकी निम्म्यांच्या जागा ठरविण्यात खासदारांचा शब्द चाले. परिणामी गरजेच्या जागेऐवजी समर्थकांच्या अंगणात विहिरी गेल्या. त्या वेळीही सुमारे दोन कोटी लोक मर्यादेबाहेरचे पाणी पीत होते. आराईहाजारमध्ये २००० पासून सुमारे १२ हजार प्रौढांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यातील मृत्यूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा आर्सेनिकयुक्त पाण्याशी जोडता येत होता.

महाराष्ट्राची भूमी निराळी. येथे बहुतांशी काळा कातळ आहे, नदीमुखाचा गाळ नाही. १९७० च्या दशकात भारतभर पसरलेला ‘इंडिया मार्क २’ हा भक्कम हातपंप ज्या ‘सोलापूर पंपा’वरून घडविला गेला, तो सोलापूरच्याच एका स्वयंशिक्षित कारागिराच्या हातचा. कातळातून खोलवरचे पाणी उपसण्याची ती सोय होती. पण कातळाचे पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि वर्षानुवर्षे पोटात राहिले, की आधी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग येतात आणि पुढे सांधे व पाठीचा कणा ताठतो. फ्लोराइडही गाळून किंवा उकळून जात नाही. त्यामुळे विहीर देणाऱ्या कुटुंबाने खोदाईच्या खर्चातच पाण्याच्या रासायनिक तपासणीचा खर्च धरावा, हे उघड आहे. जंतूंची तपासणी वेगळी, रसायनांची वेगळी. एकीच्या अहवालाने दुसरीचे काम भागत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत हे नमुने तपासले जातात. तपासणी एकदाच करून कागद फायलीत लावणे पुरेसे नसते, कारण पाण्याची पातळी खाली गेली की गुणधर्मही बदलू शकतात. आणि हापशाचा वॉशर झिजला, साखळी तुटली, तर पुढच्या उन्हाळ्यात तो कोण दुरुस्त करणार, हेही ओट्यावर फरशी बसविण्याआधी ठरावे.

बांगलादेशात विहिरी अजूनही खोदल्या जात आहेत. तांबडा-हिरवा रंग बहुतेक ठिकाणी केव्हाच उडून गेला. मतलब परिसरातील मिस्त्र्यांनी मात्र वर येणाऱ्या वाळूचा रंग पाहण्याची सवय लावून घेतली. वाळू काळी-करडी असेल तर आर्सेनिकचा धोका मोठा. तपकिरी किंवा तांबूस थर लागला तर पाणी बहुधा आर्सेनिकमुक्त. शास्त्रज्ञांनी हा ठोकताळा पडताळून पाहिला आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. फक्त त्या तांबूस थरांतील पाण्यात मँगनीज अधिक निघाले, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास आता सुरू आहे.