टाकाटा एअरबॅग : धोक्याचे पत्र आले, सुटा भाग नाही
टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी क्षणार्धात फुगवणाऱ्या धातूच्या डबीत, अमोनियम नायट्रेट भरलेले असे. उष्ण व दमट हवेत ते वर्षानुवर्षे बिघडत गेले की धडकेच्या वेळी प्रमाणाबाहेर वेगाने जळते, डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या मानेत व चेहऱ्यात घुसतात. अमेरिकेत अशा सुमारे ६.७ कोटी एअरबॅगांचा रिकॉल झाला, म्हणजे त्या बदलून देण्यासाठी परत मागवल्या गेल्या. पण सुटे भागच अपुरे असल्याने धोक्याचे पत्र हाती पडूनही असंख्य मालकांना महिनोन्महिने तीच गाडी चालवावी लागली, आणि त्यांचा संताप सर्वस्वी रास्त होता. काही गाड्यांत तर तात्पुरता उपाय म्हणून त्याच रसायनाचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला, जो पुढे पुन्हा बदलणे भाग होते. भारतात २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.